लहान मुलांच्या सिरपमध्ये साखर किती, ते बाटलीवर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की सर्दी, ताप, खोकल्याने बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने भरतात आणि घरोघरी फ्रिजच्या दारात सिरपच्या बाटल्या जमू लागतात. डॉक्टरांनी दिलेले औषध मुलाला द्यायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. पण यातली बरीच औषधे साखरेच्या पाकात बनवलेली असतात, काही चांगलीच आंबट असतात, आणि दुधाच्या दातांवर त्यांचा काय परिणाम होतो हे पालकांना कुणी सांगत नाही. बालदंतवैद्यकात काम करणारे आम्ही काही दंतवैद्य त्याबद्दलच हे पत्र लिहीत आहोत.

सिरपमध्ये साखर फक्त गोडीसाठी नसते. ती औषधाचा कडवटपणा झाकते, द्रावण दाट करते आणि इतक्या घट्ट पाकात जंतू वाढत नसल्यामुळे औषध टिकवतेही. शिवाय ती स्वस्त आहे. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या साध्या पाकात वजनाने दोन तृतीयांश साखर असते. अशा ५ मिली पाकात सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लहान चमचा साखर झाली. प्रत्यक्ष औषधात हा पाक पातळ केलेला असतो, तरी ५ मिलीमागे दोन-तीन ग्रॅम साखर असणे मुळीच नवलाचे नाही. बाटलीच्या लेबलवर औषधी घटकाचे मिलिग्रॅम अचूक लिहिलेले असतात आणि त्याखाली ‘फ्लेवर्ड सिरपी बेस’ एवढेच शब्द असतात. बिस्किटाच्या पुड्यावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर छापणे अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी सक्तीचे केले. त्याच मुलाला आजारपणात दिवसातून तीनदा पाजल्या जाणाऱ्या औषधावर तो आकडा बहुधा सापडत नाही.

मूल दिवसभरात खाते त्या मानाने तीन ग्रॅम साखर ती काय, असे कुणी म्हणेल. पण दाताच्या बाबतीत साखर किती पोटात गेली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ दाताला लागून राहिली, हे महत्त्वाचे. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तिथला सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या आवरणातले, कॅल्शियम, फॉस्फेट विरघळू लागते. जागेपणी लाळ हे आम्ल धुऊन काढते, अर्ध्या-पाऊण तासात सामू पूर्ववत होतो आणि गेलेली खनिजे थोडीफार परत बसतात. झोपेत मात्र लाळ अगदी कमी सुटते आणि मूल गिळतेही क्वचितच. म्हणून दुपारी जेवणाबरोबर दिलेले सिरप आणि रात्री झोपता झोपता दिलेले तेच सिरप, दातांच्या दृष्टीने ही दोन वेगळी औषधे आहेत.

त्यात दुधाच्या दाताचे इनॅमल कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतली नस मोठी व पृष्ठभागाच्या जवळ असते. मोठ्या माणसाच्या दाढेत जी कीड नसेपर्यंत जायला वर्षे घेते, ती दोन वर्षांच्या मुलाच्या पटाशीच्या दातात काही महिन्यांत पोचू शकते. पहिला फटका वरच्या चार पटाशीच्या दातांना बसतो. खालच्या दातांवर जीभ असते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते, त्यामुळे ते बरेच दिवस वाचतात.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपांची. त्यात साखर असते. चव फळासारखी लागावी म्हणून अनेकदा सायट्रिक आम्ल असते. हे आम्ल जंतूंची वाट न पाहता थेट इनॅमल झिजवते. त्यातच क्लोरफेनिरामिनसारखे अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचे औषध, असते, त्याने तोंड कोरडे पडते आणि झोप येते. झोप येते म्हणूनच ते रात्री दिले जाते! साखर, आम्ल, कोरडे तोंड आणि रात्र या चारही गोष्टी एकाच चमच्यात येतात. भूक वाढवण्यासाठी सर्रास दिली जाणारी सायप्रोहेप्टाडीनची टॉनिकेही याच जातीची आहेत, आणि ती आठवडेच्या आठवडे चालतात. पालकांना ते औषध न वाटता ‘टॉनिक’ वाटते.

यातली निम्मी समस्या औषध न देण्यानेच सुटते. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने झालेल्या बालमृत्यूंनंतर, केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, असे कळवले. साधी सर्दी बहुधा आठवड्याभरात आपली आपण बरी होते. नाकात सलाइनचे थेंब आणि भरपूर पाणी, दूध, पेज यावर भागते. मागच्या वेळची उरलेली बाटली शेल्फवरून काढून पाजणे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

चार-पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने दात किडत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. खरा प्रश्न महिनोन्‌महिने सिरप घेणाऱ्या मुलांचा आहे. बारा किलोच्या मुलाला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे असे समजा. दिवसाला २४० मिलिग्रॅमचा डोस ठरला, तर २०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलीच्या सिरपचे रोज ६ मिली, दोन वेळा विभागून. फिट न येता साधारण दोन वर्षे गेल्याशिवाय हे औषध कमी करत नाहीत. म्हणजे चौदाशेहून जास्त वेळा औषध दातांवरून जाणार, एकूण चार लिटरच्या वर, आणि त्यातली निम्मी वेळ रात्रीची. सिरप साखरेचे असेल तर याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. १९७९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दीर्घ आजारी लहान मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. साखरयुक्त सिरप घेणाऱ्या मुलांत दातांची कीड आणि हिरड्यांची सूज, गोळ्या घेणाऱ्या किंवा औषध नसलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली. त्यानंतर ब्रिटनमध्ये साखरविरहित औषधांसाठी मोहीम झाली. तिथल्या डॉक्टरांच्या औषधसूचीत अशा औषधांपुढे आज तशी नोंद असते.

हृदयविकार असलेल्या मुलाच्या किडलेल्या दातातला जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत जाऊ शकतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला कोणताही संसर्ग वेदनेच्या झटक्याचे निमित्त ठरू शकतो. नंदुरबार, गडचिरोलीत अशी मुले पुष्कळ आहेत. म्हणजे ज्यांचे दात किडायला नकोत नेमकी तीच मुले सर्वाधिक सिरप पितात. आणि त्यांच्या आईवडिलांना आधीच इतक्या चिंता असतात की दात यादीत शेवटी येतात.

आता औषध कसे द्यावे, ते नीट लिहितो. कारण बाटली तीच राहिली तरी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

घरातला चमचा वापरू नये. तो कधी तीन मिलीचा असतो, कधी सातचा, आणि चमच्याने औषध आधी पुढच्या दातांवर सांडते. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये पाच-दहा रुपयांत मिळते. मुलाला बसवून किंवा मांडीवर टेकवून, सिरिंजचे टोक गालाच्या आत, दाढांच्या मागे न्यावे आणि एकेक मिली हळूहळू सोडावे. थेट घशात जोरात सोडल्यास ठसका लागतो. गाढ झोपेतल्या मुलाच्या तोंडात औषध कधीच घालू नये. औषध संपले की त्याच सिरिंजने पाच-दहा मिली साधे पाणी दोन-तीनदा द्यावे. मोठ्या मुलाने चूळ भरावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचे नसते. त्याला दात आला असेल तर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

औषधानंतर लगेच ब्रश करू नये. आम्लाने इनॅमल काही वेळ मऊ पडलेले असते आणि ब्रशने ते झिजते. अर्धा तास थांबावे. म्हणून रात्रीचा डोस झोपेच्या वेळी न देता पाऊण तास आधी द्यावा, लगेच पाणी, मग ब्रश, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. मध्यरात्री ताप चढला आणि पॅरासिटामॉल द्यावेच लागले, तर मुलाला जागे करून, उचलून औषध द्यावे, दोन घोट पाणी पाजावे आणि ओले फडके फिरवावे. दिवसाचे डोस, डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितले नसेल तर, जेवणाबरोबर द्यावेत. त्या वेळी लाळ भरपूर सुटते.

दुधाच्या बाटलीत औषध मिसळण्याची सवय फार दिसते. त्यात दोन घोटाळे होतात. मुलाने दूध अर्धे टाकले की डोस अर्धाच गेला, आणि पूर्ण प्यायले तर औषधाची साखर अर्धा तास चोखत राहिले. कडू औषधानंतर गुळाचा खडा, चॉकलेट किंवा मध देणे हेही तसेच. चार-पाच वर्षांच्या मुलाला औषधाआधी बर्फाचा बारीक तुकडा चघळायला दिला तर जीभ बधिर होऊन चव कमी लागते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, दातांसाठी नव्हे तर बोटुलिझम या जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेच्या धोक्यासाठी. मधात उगाळलेली गुटी आणि चाटणे यांनाही हे लागू आहे. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या साखरेच्याच असतात. चार चार गोळ्या दिवसातून अनेकदा चघळायला दिल्या तर दातांना ती साखरच, नाव कोणतेही असो.

डॉक्टरांशी बोलताना तीन गोष्टी विचाराव्यात: साखरविरहित प्रकार आहे का, गोळी चालेल का, आणि दिवसातल्या वेळा कमी करता येतील का. लेबलवर ‘शुगर फ्री बेस’ किंवा ‘सॉर्बिटॉल बेस’ लिहिलेली औषधे मिळतात. सॉर्बिटॉलवर जंतूंना फारसे आम्ल करता येत नाही, मात्र ते जास्त पोटात गेले तर मुलाला पातळ शी होते. साखरविरहित औषधातही सायट्रिक आम्ल असू शकते, म्हणून पाणी पाजणे तिथेही आलेच. ब्रँड बदलताना ताकद तपासल्याशिवाय बाटली घेऊ नये. पॅरासिटामॉल १२० आणि २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली अशा दोन्ही ताकदींत मिळते, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीत १०० मिलिग्रॅम असते. ‘तेच औषध, बिनसाखरेचे’ म्हणून दुप्पट डोस गेला तर दात वाचवण्याच्या नादात यकृत धोक्यात येईल.

पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या हा चांगला मार्ग आहे. जुलाबासाठी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात मुलांसाठी मिश्र औषधांच्या अशाच गोळ्या दिल्या जातात. पण घरी कोणतीही गोळी कुटून देऊ नये. व्हॅल्प्रोएटची हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की सगळे औषध एकदम अंगात जाते. दम्यासाठी साल्ब्युटामॉलच्या सिरपपेक्षा स्पेसर (पोकळ नळी) लावलेला पंप उत्तम. स्टेरॉइडच्या पंपानंतर मात्र चूळ भरावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

लोहाच्या औषधाबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण तिथे गैरसमज उलटा आहे. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाने दात काळे पडतात आणि आई घाबरून औषध बंद करते. हा डाग तोंडातल्या जंतूंच्या गंधकाशी लोहाचा संयोग होऊन वर बसलेला असतो. तो कठीण, गुळगुळीत आणि हिरडीच्या कडेने रेषेसारखा दिसतो, आणि दंतवैद्याकडे पॉलिश केल्यावर निघतो. कीड लागलेली जागा मऊ आणि खड्ड्याची असते. डाग पडला तरी लोह थांबवू नये. सिरप गालात मागे सोडावे आणि पाणी पाजावे. दूध किंवा चहाबरोबर देऊ नये, लोह अंगी लागत नाही. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे डाग मात्र दाताच्या आतले असतात आणि पुसले जात नाहीत. म्हणून ते आठ वर्षांखाली टाळतात.

कीड ओळखायला यंत्र लागत नाही. महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून दात फडक्याने कोरडे करून बघावेत. हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला तर ती पहिली पायरी आहे, आणि ती मागे फिरवता येते. दंतवैद्याकडे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावून घ्यावे. रोज दोनदा सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरावी, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, ते ट्यूबवर वाचावे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे. पट्टा तपकिरी होऊन खड्डा पडला की मग रूट कॅनाल, स्टीलची कॅप, कधी पूर्ण भूल देऊन एकाच वेळी आठ-दहा दातांचे काम. अपस्माराच्या किंवा हृदयविकाराच्या मुलाला भूल देणे सोपे नसते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणतात. पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी पडतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्यांच्यावर मूल जेवते आणि त्यांच्याखाली कायमचे दात तयार होत असतात. दाढ आधीच काढावी लागली तर मागचा दात पुढे सरकतो आणि कायमच्या दाताला जागा उरत नाही.

हे सगळे पालकांवर टाकून भागणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त चालणारे औषध लिहिताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘शुगर फ्री’ लिहावे आणि मुलाला दंतवैद्याकडे पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत दात तपासतातच. त्यांच्या कार्डावर ‘सध्या कोणते सिरप चालू आहे’ हा एक रकाना असावा. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने मुलांची दीर्घकाळ चालणारी औषधे घेताना साखरविरहित द्रव किंवा विरघळणाऱ्या गोळ्यांना प्राधान्य द्यावे. साखर काढली की तिच्या जागी सॉर्बिटॉल, ग्लिसरीन येते. अशा द्रव घटकांत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले असू शकते, आणि छिंदवाड्यात त्याने काय झाले ते ताजे आहे. त्यामुळे प्रत्येक बॅचच्या तपासणीची अट या खरेदीत असलीच पाहिजे.

आणि लेबल. युरोपात साखर असलेले द्रव औषध दोन आठवडे किंवा जास्त घ्यायचे असेल, तर ‘दातांना हानिकारक ठरू शकते’ असे माहितीपत्रकात छापावे लागते. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुलांच्या प्रत्येक द्रव औषधावर दोन ओळी सक्तीच्या कराव्यात, मराठी आणि इतर प्रादेशिक भाषांतही: ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये साखर अमुक ग्रॅम. औषध दिल्यावर मुलाला पाणी पाजा.’

आपले,
बालदंतवैद्यकात काम करणारे काही दंतवैद्य